बाहुलीच्या बदल्यात कोंबडी

माझ्या मुलीनं पाच वर्षांची होईपर्यंत कुणाला काही दिल्याचं मला आठवत नाही. मला ताप दिला तेवढाच. शेजारच्या पोरानं तिच्या हातातल्या बोरांकडे नुसतं बघितलं तरी तिची मूठ पाठीमागे जायची. घरातल्या एकूण एक वस्तूचा सातबारा तिच्या नावावर होता. "माही खुर्ची. माहा पंखा. माहे बाबा." बाबांच्या बाबतीत माझं काही म्हणणं नव्हतं, पण पंख्याखाली बसायलाही मला परवानगी काढावी लागे.

दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मी शाळेत शिकवते. परिपाठाला वाटून खाण्याच्या गोष्टी मीच सांगते, आणि सांगताना माझा आवाज असा काही भरून येतो की मागच्या रांगेतली पोरं एकमेकांना कोपर मारतात. अशा बाईच्या पोटी ही! माहेरून, म्हणजे सावली गावाहून, आईचा फोन आला की मी तक्रार करायची, आणि आई म्हणायची, "तुह्यावरच गेली व. तू लहानपनी पेरू खायची त बिया बी कोनाले देत नव्हती." खाण तशी माती, असं तिला सुचवायचं असावं. मी नेटवर्क जात असल्याचं सांगून फोन ठेवायची. अहेरीत ते कुणालाही पटतं.

अहेरीला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. नवरा ऑफिसात, मी शाळेत, आणि बाजाराच्या रस्त्यावर किरायाचं घर, समोर चिंचेचं मोठं झाड. त्या वर्षीच्या दसऱ्याला मी घरात घोषणा केली, की दर आठवडी बाजाराच्या दिवशी मुलीनं आपली एक वस्तू कुणाला तरी द्यायची.

"कायले तरास देऊन राह्यली व पोरीले?" नवरा म्हणाला. "मोठी झाली की देईन आपोआप."

"तुमी त मोठे झाले. तुमी देता काय?"

त्यानं पेपर उघडला. सकाळचा त्याचा वाचून झाला होता, तरी उघडला.

पहिल्या आठवड्यात मुलीनं आपल्या ताटातली लवकीची, म्हणजे दुधीची भाजी दारावर आलेल्या एका बाबाला दिली. दुसऱ्या आठवड्यात बांगड्या विकणाऱ्या बाईला खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली दिली, वर "लय चांगलं हाय, रोज प्या" असंही सांगितलं. मी धावत जाऊन ती बाटली परत आणली. मग मुलीला समोर बसवून धडा सुधारून घेतला. आपल्याला आवडतं ते द्यायचं, आणि ज्याला गरज आहे त्यालाच द्यायचं.

"गरज मंजे?"

"ज्याच्यापाशी एखादी गोष्ट नसते त्याले तिची गरज असते."

तिनं जरा विचार केला. "बाबापाशी केस नाईत."

नवऱ्यानं पेपर आणखी वर धरला. माझ्या लक्षात आलं की गरजू माणूसही मलाच शोधून द्यावा लागणार.

तो शोधायला फार लांब जावं लागलं नाही. दर बाजाराच्या सकाळी एक म्हातारी जंगलातल्या कुठल्या तरी गावाहून पायी यायची. डोक्यावर गाठोडं, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, हातभर गोंदण. सोबत तिची नात, आमच्या मुलीच्याच वयाची, अनवाणी. बाजारात जाण्याआधी दोघी आमच्या चिंचेखाली टेकायच्या. म्हातारी फाटकाशी येऊन "जोहार" म्हणायची, पाणी मागायची, आणि मी घरातल्या कॅनमधून तांब्या भरून द्यायची. तिला बाजारापुरती मराठी येत होती. त्या मराठीत "तुम्ही" नव्हतं, तहसीलदार भेटला असता तर त्यालाही ती तूच म्हणाली असती. आमची मुलगी तिला आजी म्हणायला लागली, मग मीही म्हणायला लागले. पण मनात मी तिच्या नावापुढे केव्हाच "गरजू" असं लिहून टाकलं होतं. नातीचे ते अनवाणी पाय बघून तर माझा आवाज परिपाठासारखा भरून आला.

मुलीकडे गुलाबी सँडल होत्या. चाललं की टाचेत लाल दिवा लागायचा. दुसरा एक साधा जोड होता, म्हणून मी दिव्याचा जोड द्यायचा ठरवला. तिनं घर डोक्यावर घेतलं. अर्धा तास मी समजावलं, पाच मिनिटं ओरडले, आणि शेवटी ती भोकाड पसरत फाटकापर्यंत गेली आणि म्हातारीच्या पुढ्यात सँडल ठेवून आली. म्हातारीनं सँडलकडे बघितलं, रडणाऱ्या पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, गहिवरून आलं असेल. शाल-श्रीफळ घेताना लोक हसतात तसं मी थोडंसं हसले.

पुढच्या बाजाराला फाटकाशी भलं मोठं कोहळं.

"अहो, बिचारीले ओझं वाटलं असन," मी नवऱ्याला म्हणाले. आणि ओझं वाटू नये म्हणून पुढच्या वेळी स्वेटर दिला. मुलगी रडलीच, पण या वेळी फाटकापर्यंत नाही, अंगणापर्यंतच. त्यावर आठवड्यानं पायलीभर नवा हातसडीचा तांदूळ आला आणि दारूच्या बाटलीत मध आला. नवऱ्यानं मोठ्या आशेनं बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि निराश होऊन परत लावलं.

आता मला राग यायला लागला. मी दान करते आहे, हे हिला कळत कसं नाही? दान घेणाऱ्यानं घ्यावं, चार चांगले शब्द बोलावेत आणि जावं. ही उलट मलाच ओझ्याखाली घालून चाललेली. शिवाय तिची नात अजून अनवाणीच. दिव्याच्या सँडल पायात नाहीत, स्वेटर अंगात नाही. विकून खाल्लं असणार, अशी एक वाईट शंकाही माझ्या मनात येऊन गेली. मी ईर्ष्येला पेटले आणि मुलीची केसांची मोठी बाहुली द्यायला लावली. मधल्या एका बाजाराला म्हातारीसोबत तिच्या गावच्या आणखी दोन बाया आल्या आणि फाटकाच्या गजांतून आमच्या घरात वाकून वाकून बघून गेल्या. माझ्या दातृत्वाची कीर्ती जंगलापर्यंत पोचली म्हणायची, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

बाहुलीच्या बदल्यात कोंबडी आली. जिवंत, तांबड्या पिसांची, पायाला सुताची दोरी बांधलेली. ती नातीनं काखेत आणली होती. तिनं कोंबडी आमच्या फाटकात ठेवली आणि एकदाही मागे न बघता बाजाराकडे चालू लागली. लाजाळू पोर, मी म्हणाले.

कोंबडीनं आमच्या न्हाणीत मुक्काम केला. अंडी मात्र तिला नवऱ्याच्या हेल्मेटमध्येच घालायची असायची, त्यामुळे ऑफिसला निघताना त्याला दोनदा बघून डोकं घालावं लागे. मुलीनं तिला नाव ठेवलं, तिच्यासाठी आपल्या ताटातला भात राखून ठेवायला लागली, तिला घेऊन टीव्ही बघायला लागली. या पोरीनं कुणासाठी भात राखून ठेवला हे बघून मी हरखले होते. तो हरख चार दिवस टिकला.

पाचव्या दिवशी शाळेतून आले तर दारात ओळीनं मांडामांड. माझं लाटणं, नवऱ्याचा पट्टा, इस्त्री, देव्हाऱ्यातली घंटी.

"हे काय व?"

"आजीले द्याचं हाय," ती म्हणाली. "इतकं देलं त बकरी भेटन ना?"

दोन दिवसांनी तिच्या वर्गाच्या बाईंनी मला रस्त्यात गाठलं. मुलगी हल्ली बाकावरच्या शेजारणीला खोडरबर देते आणि मग तिच्यासमोर हात पसरून उभी राहते, म्हणाल्या. समोरून काही आलं नाही की खोडरबर परत घेते, आणि चिमटा काढते. मी मान खाली घालून घरी आले. आधी ती देत नव्हती. आता देत होती, पण दुकानदारासारखी. मी शिकवायला गेले नसते तर निदान साधी चिकट राहिली असती. त्या दिवशी मला खरंच रडू आलं. कारण मोठी होऊन ती अशीच झाली, की समोरच्याच्या हातात काय आहे ते बघून मगच आपला हात पुढे करायचा, तर ते मीच केलेलं असणार होतं.

तेव्हा मी ठरवलं की म्हातारीशी एकदा स्पष्ट बोलायचं. पुढच्या बाजाराच्या सकाळी चहाचे कप घेऊन मी चिंचेखाली तिच्या शेजारी जाऊन बसले. नात बाजूला चिंचोके वेचत होती.

"आजी, आता आमाले काही आनू नको," मी म्हणाले.

"काऊन? कोंबडी मेली काय?"

"मेली नाई. मस्त हाय. पन आमाले काही नाई पायजे."

"घे," म्हातारी म्हणाली आणि माझा हात थोपटला. "लाज नको करू, बाई."

मला वाटलं, माझ्या बोलण्यात काही चुकलं. मी पुन्हा सुरुवात केली. तिनं मला मध्येच थांबवलं आणि अगदी आजारी माणसाला विचारावं तसं हळू विचारलं, "शेत हाय काय तुह्यापाशी?"

"इथी नाई."

"मोहाचं झाड?"

"नाई."

"गाय? बकरी?"

"नाई."

"घर?"

"किरायाचं हाय."

"सासू, जाऊ, नणंद?"

"सगळे गावाले."

प्रत्येक "नाई"ला ती जिभेनं च्च् करत होती. मग ती माझ्याकडे जरा सरकली आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "आन पानी बी इकत घेते तू. मी पाह्यलं. आटोतून येते."

मी तोंड उघडलं. शुद्ध पाणी, क्षार, फिल्टर असं काही बाही माझ्या ओठांवर आलं, पण तिच्या डोळ्यांतली कणव बघून मी ते चहाबरोबर गिळून टाकलं.

"मी गावात सांगतलं, त कोनी मानत नव्हते," ती म्हणाली. "मनत, पानी कोन इकत घेते? मंग त्या दोघी मुद्दाम आल्या पाहाले. त्याईच्या बी डोऱ्यात पानी आलं."

म्हणजे गजांतून वाकून बघणाऱ्या त्या दोघी. माझी कीर्ती!

"पन आजी, त्या सँडल..."

"तवाच त समजलं मले. तुही पोरगी रडत रडत पायातलं घेऊन आली." मग तिनं मला सगळं नीट सांगितलं. तिच्या गावात कुणाच्या घरी अडचण आली तर तो तोंडानं मागत नाही. घरातली एखादी चांगली चीज उचलतो, ज्याच्याकडे आहे त्याच्या समोर नेऊन ठेवतो, आणि बसतो. समजणाऱ्यानं समजायचं. त्याला लागेल ते द्यायचं आणि त्याची चीज जपून ठेवायची, वापरायची नाही. त्याचे दिवस पालटले की परत नेऊन द्यायची. "तुहं सगळं ठेवलं हाय. चप्पल, सुटर, बावली. उंदरानं खाऊ नाई मनून वरती टांगलं हाय."

मी नातीच्या अनवाणी पायांकडे बघितलं. त्या पायांबद्दल माझ्या मनात येऊन गेलेली शंका मला आठवली.

"हिले बी शिकवाचं होतं," म्हातारी नातीकडे हनुवटी करून म्हणाली. "लय चिकट हाय. रानातल्या चार चारोळ्या बी कोनाले देत नाई. मी सांगतलं, पाय, ते लोक असे हायेत, त्याईचं कोनी नाई, त्याईले देऊन पाय. कोंबडी हिचीच हाय. पिल्लू होती तवापासून हिनं वाढवली. गावापासून इथवरी रडत आनली."

म्हणजे आम्ही दोघी एकाच चिंचेखाली मूल्यशिक्षणाचा तास घेत होतो, आणि दोघींच्या फळ्यावर एकमेकींचंच चित्र होतं. "आजी," मी म्हणाले, "आमी त तुमाले..." पण म्हातारी मूर्ख नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं, आपल्या गाठोड्याकडे बघितलं, आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. ठसका थांबल्यावर तिनं ते नातीला गोंडीत सांगितलं. नातही हसायला लागली. मला आधी राग आला, मग लाज वाटली, मग राग आल्याची लाज वाटली, आणि शेवटी मीही हसले.

इतक्यात आमचं रत्न कोंबडी काखेत मारून फाटकाबाहेर आलं. फाटकाच्या आतून तिनं सगळं ऐकलं होतं. ती सरळ त्या पोरीसमोर जाऊन उभी राहिली.

"तुही हाय काय ही?"

पोरीनं मान डोलावली.

"नाव काय हाय तिचं?"

पोरीनं नाव सांगितलं. आमच्या घरी कोंबडीचं नाव दुसरंच होतं. मुलगी विचारात पडली. तिनं कोंबडी आणखी घट्ट धरली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या ओठांवर "दे बेटा" आलंच होतं, तेवढ्यात म्हातारीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी गप्प बसले. माझ्या सबंध नोकरीत मी इतकी गप्प कधी बसले नसेन.

मुलीनं कोंबडी त्या पोरीच्या मांडीवर ठेवली, दोन पावलं मागं सरकली, आणि मग असा टाहो फोडला की रस्त्यानं जाणारा सायकलवाला थांबला. कोंबडीला छातीशी धरून ती पोरगीही रडायला लागली. ती का रडली ते मला अजूनही नीट कळलेलं नाही. या वेळी मुलीनं हात पुढे केला नाही, बदल्यात काही मागितलं नाही, बकरीचं नाव काढलं नाही. मला इतका आनंद झाला की मी तिला जवळ घ्यायला उठले. उद्यापासून अंडी आणावी लागणार, हाही विचार मनात आला, तो लपवत नाही.

तिनं माझ्या पदराला नाक पुसलं आणि हुंदके देत म्हणाली, "आजीनं कोहळं देलं. तांदूळ देले. हिनं कोंबडी देली. मी सँडल देली, सुटर देला, बावली देली." मग मान वर करून विचारलं, "तू काय देलं, आई?"

म्हातारीनं चहाचा कप तोंडाला लावला आणि लांब रस्त्याकडे बघायला लागली. ती मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हती, हे मला समजलं.

मी घरात गेले. कपाट उघडलं. आधी विटकी सुती साडी काढली, परत ठेवली. मग एक बरी काढली, तिचा काठ उसवलेला होता म्हणूनच ती माझ्या हाती आली होती, हे माझ्या लक्षात आलं आणि तीही ठेवली. मग भावाच्या लग्नातली हिरवी जरीकाठी बाहेर काढली. एकदाच नेसलेली. ती घडी हातात घेऊन मी कपाटासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. माझे पाय काही केल्या दाराकडे वळेनात. इतकी वर्षं पोरांना शिकवलं, एकदाही कुणाला सांगितलं नव्हतं की हे इतकं जड असतं. सांगणार कुठून, मला माहीतच नव्हतं.

मुलगी दारात येऊन उभी होती. "रडत रडत दे, आई," ती म्हणाली. "चालते."

मी साडी नेऊन म्हातारीच्या पुढ्यात ठेवली आणि खाली बसले. तिनं साडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसू तिच्या चेहऱ्यावरून गेलं.

"आता काय अडचन हाय व, बाई?"

"मले देता येत नाई, आजी," मी म्हणाले.

म्हातारीनं साडी उचलली, नीट घडी केली आणि गाठोड्यात ठेवून गाठ मारली.

"पोरीले इचारजो," ती म्हणाली. "तिले येते."